बाहीतले हात

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसलेला असतो तो नव्हे. त्याला निदान बसायला तरी मिळतं. मी शिंप्याच्या दुकानातला. धंद्यातली माणसं मला डमी म्हणतात. मला मान आहे, खांदे आहेत, छाती आहे, कंबर आहे आणि कंबरेखाली एक लाकडी दांडा, त्याला तीन पाय. डोकं नाही आणि हातही नाहीत. डोकं नसताना मला दिसतं कसं, असं तुम्ही विचाराल. पण डोकं असलेल्यांना तरी कुठं सगळं दिसतं?

मी थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. नुसतं उभं राहण्यात कसला आलाय थकवा, असं ज्याला वाटत असेल त्यानं कुणाचा तरी ओला रेनकोट अंगावर घेऊन, भिंतीकडे छाती करून, कुणी हाक मारेपर्यंत उभं राहून बघावं. मला कुणी हाक मारत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कागदाचा लगदा साच्यात थापून माझं अंग केलं. पाठ वेगळी, पोट वेगळं. वाळल्यावर दोन्ही सरसानं चिकटवली. वर कापसाचा थर आणि त्यावर ताणून शिवलेला मांजरपाट. जिथून तुमचे हात सुरू होतात तिथं, मुंढ्याच्या जागी, लाकडाच्या दोन गोल चकत्या ठोकल्या. माझ्या शेजारी माझे बरेच भाऊ वाळत होते. हात कुणालाच नव्हते, त्यामुळे कुणाला काही उणं वाटलं नाही. "हात हवेत कशाला?" कारागीर म्हणाला होता. "कोट चढवताना आडवे येतात." ते मी पुढं कित्येक वर्षं खरं मानलं.

मला दुकानात आणलं ते मास्तरांच्या वडिलांनी. आताचे मास्तर तेव्हा शाळेतून येत आणि माझ्या पायाशी बसून बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत. माझी छाती छत्तीस. पण गिऱ्हाईक काही छत्तिसाच्या मापात जन्माला येत नाही. मग पैलवानासाठी माझ्या खांद्यांवर कापूस बांधत, वकिलासाठी पोटावर जुना टॉवेल गुंडाळत. एका आठवड्यात मी पैलवान, वकील आणि नवरदेव होऊन परत छत्तिसावर आलेलो आहे. अंगभर टाचण्या टोचल्या जात. दुखायचं नाही, पण कंटाळा यायचा. रस्त्यानं जाणारी माणसं काचेपाशी थांबून म्हणत, "कोट बघ, जसा काही अंगावरच उगवलाय!" स्तुती कोटाची असे, पण उभा मी असे. तेवढ्यावर मी बरीच वर्षं काढली.

मग समोर तयार कपड्यांचं दुकान आलं. तिथल्या पुतळ्यांना डोकी होती, नाकं होती, बोटांना नखंसुद्धा होती. त्यांच्यासमोर मी म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. मला काचेतून काढून मागच्या खोलीत ठेवलं. माझ्या मानेवर टोपी, एका खांद्यावर छत्री, दुसऱ्यावर पिशवी. मी माणसाच्या मापाचा खिळा झालो.

त्या खोलीत दोन शिलाई मशीन होती. एकावर मास्तर बसत, दुसऱ्यावर मास्तरीणबाई. दोन्ही मशीन एकदम चालू असली की बोललेलं ऐकू जात नसे, तरी ती दोघं बोलत असत. एका हिवाळ्यात मास्तरीणबाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांच्या मशीनवर चादर पडली. मास्तर बोलेनासे झाले. "हात वर करा," "श्वास सोडा," "परवा या," एवढंच गिऱ्हाइकाशी. दुकानाच्या दारात बसायचंही त्यांनी सोडलं, कारण दारात बसलं की येणारा-जाणारा थांबायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "आता कसं चाललंय?"

घर सांभाळायला त्यांची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. काजं-बटणं आक्का करू लागल्या आणि बोलायचं कामही दोघांच्या वाटचं त्याच करू लागल्या.

अशात एके दिवशी मास्तर पाववाल्याचा कोट पोचवायला गेले आणि पिशवी छातीशी धरून परत आले.

"काय आणलंस बाळ्या? पाव?" आक्कांनी विचारलं. मास्तर साठीला टेकलेत, पण थोरल्या बहिणीला त्याचं काय!

"नाही."

पिशवी हलली.

"मग हलतंय ते काय?"

"पाववाल्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, आक्का. बाकीची गेली. हे एकटंच राहिलं. टोपलीच्या कडेवर हनुवटी ठेवून बघत होतं. मी कोट दिला, निघालो, तर बघतच होतं."

"राहिलेलं साहिलेलं सगळं आपल्याकडंच यायला हवं का? न नेलेल्या कपड्यांनी कपाट भरलंय, तेवढं पुरे नाही?" असं म्हणता म्हणता आक्का थबकल्या. मास्तरांनी एका दमात इतकं बोलून कितीतरी महिने झाले होते. ते त्यांच्या ध्यानात आलं, माझ्याही आलं. "आण इकडं," त्या म्हणाल्या. "पिशवीत गुदमरेल ते."

पिल्लू तपकिरी होतं, एक कान उभा आणि एक पडलेला. पहिल्याच दिवशी त्यानं अस्तराचं कापड खाल्लं, आक्कांच्या चपलेचा पट्टा तोडला आणि सुताचं अख्खं रीळ खोलीभर फिरवून आणलं. मास्तर गुडघ्यांवर बसून लोहचुंबकानं टाचण्या वेचत, म्हणजे त्याच्या पोटात जाऊ नयेत. "दिसेल त्याच्या चिंध्या!" आक्का ओरडत, आणि तेच नाव पडलं. चिंध्या.

माझ्या तीन पायांपैकी एक त्यानं आपला मानला. दात शिवशिवले की तो माझा पाय चघळायचा. मला आवडायचं असं नाही. पण कुणी दखल घेऊन बराच काळ लोटला होता, म्हणून मी गप्प राहिलो. मास्तरीणबाईंच्या मशीनवरच्या चादरीचं एक टोक त्यानं खाली ओढलं आणि तिच्याखाली पायडलजवळ झोपायला जागा केली. ते टोक मास्तरांनी परत वर केलं नाही. शिवता शिवता ते खाली वाकून त्याला काहीबाही सांगत. दुकानात पुन्हा बोलणं ऐकू येऊ लागलं.

लस टोचायला मास्तर त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या जनावरांच्या डॉक्टर, वयानं तरुण. घरी येऊन मास्तरांनी आक्कांना सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं, म्हणून मलाही कळलं. बाई म्हणाल्या होत्या, "काका, लसी पूर्ण होईपर्यंत याला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पण म्हणून कोंडूनही ठेवू नका. पिल्लाचं मन आत्ता उघडं असतं. आत्ता जे बघेल ते त्याला आपलं वाटेल. तेच पुढं नव्यानं दिसलं तर त्याची भीती बसेल. तऱ्हेतऱ्हेची माणसं दाखवा. टोपीवाली, छत्रीवाली, दाढीवाली, गणवेशातली. दुकानाच्या दारात मांडीवर घेऊन बसलात तरी पुरे."

सल्ला सोन्यासारखा होता. पण दारात बसायचं म्हणजे "आता कसं चाललंय?" आलं. आक्कांनाही माणसांच्या बुटांचा चिखल नको होता. आणि मुख्य म्हणजे, शिंप्याच्या कानाला यात माणसं ऐकूच आली नाहीत. टोपी, छत्री, गणवेश. मास्तरांना कपडे ऐकू आले.

"आक्का," ते म्हणाले, "न नेलेल्या कपड्यांचं कपाट उघड."

मित्रांनो, प्रत्येक शिंप्याकडं असं एक कपाट असतं. माप देऊन गेलेली आणि पुन्हा न आलेली माणसं त्यात टांगलेली असतात. आमच्या कपाटात बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा लाल कोट होता, हॉटेलच्या दरवानाचा घोट्यापर्यंतचा कोट होता, टपालवाल्याचा खाकी सदरा होता, वकिलाचा काळा झगा होता. ते सगळे मास्तर आळीपाळीनं माझ्या अंगावर चढवू लागले. सुतळीची दाढी-मिशी झाली. हेल्मेट झालं. काठी झाली. डोक्याचा प्रश्न आला तेव्हा मास्तरांनी माझ्या मानेवर पातेलं पालथं घातलं आणि त्यावर टोपी.

"अरे, टपालवाल्याला माझं दुधाचं पातेलं कशाला?" आक्का म्हणाल्या.

"डोकं नको का त्याला?"

"मग तुझं दे. तसंही वापरात नाही."

मास्तर हसले. मग त्यांनी माझ्या खिशांत बिस्किटाचे तुकडे ठेवले आणि चिंध्याला माझ्यासमोर सोडलं. पहिल्यांदा तो भुंकला. मग खिसा हुंगला. मग शेपटी हलली. रोज सकाळी नवा माणूस, नवा खिसा. थोड्याच दिवसांत तो दरवानाला घाबरेना, हेल्मेटला घाबरेना, उघड्या छत्रीखाली खुशाल लोळू लागला. मास्तर त्याला माझ्यासमोर उभं करत आणि अभिमानानं म्हणत, "बघ आक्का, माणसांची भीती म्हणून नाही याला!"

मला बरं वाटलं. थकलेल्या जिवाला उतारवयात काम मिळालं. चूक मलाही दिसली नाही, कारण ती माझ्या अंगावरच होती.

लसी पूर्ण झाल्या आणि चिंध्याला पहिल्यांदा पुढच्या दुकानात आणलं. नेमके दातांचे डॉक्टर कोटाच्या ट्रायलला आले होते. आक्का त्यांना दातवाले म्हणतात. खोल्यांमधला पडदा बाजूला सरकवलेला होता, म्हणून मला सगळं दिसलं. चिंध्या शेपटी हलवत सरळ त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या खिशाला नाक लावलं. मास्तरांची छाती भरून आली. "अरे वा, काय रे लबाडा!" म्हणत दातवाले वाकले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला.

चिंध्या किंचाळला. असा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. दुधाचे दात सुईसारखे असतात. ते दातवाल्यांच्या बोटात रुतले, कोटावर रक्ताचा थेंब पडला, चिंध्यानं जागेवर शू केली आणि धावत येऊन तो माझ्या पायांच्या मध्ये लपला. त्याची थरथर मला दांड्यातून मानेपर्यंत जाणवत होती.

"जन्म गेला लोकांच्या तोंडात बोटं घालण्यात," दातवाले बोट धरून म्हणाले, "पण रक्त काढणारा हा पहिलाच." भला माणूस, म्हणून हसून गेले. बाकीचे हसले नाहीत. शेजारच्या इस्त्रीवालीनं हात पुढं केला, तिच्यावर तो गुरगुरला. पाववाल्यानं हात केला, तर त्याच्याही अंगावर गेला. ज्याच्या घरी जन्मला त्यालाही ओळखेना. गिऱ्हाईक दारातूनच विचारू लागलं, "बांधलंय ना?"

एकदा विजारीला ठिगळ लावायला गोदामाचा रखवालदार आला. आडव्या अंगाचा, मोठ्या मिश्यांचा, गोणपाटाच्या वासाचा. चिंध्या आतून भुंकत होता. रखवालदार खूश झाला. "हे मला द्या मास्तर. मला असंच पाहिजे, माणूस दिसलं की अंगावर जाणारं. फाटकापाशी साखळीनं बांधून टाकतो. नवा माल उतरला की येतो न्यायला."

आक्का मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तर मशीनची सुई पुसत बसले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "न्या बाबा. इथं याचं काही खरं नाही. उद्या एखाद्या पोराला चावला तर?"

"साखळी किती लांब असते?" मास्तरांनी विचारलं. शिंपी माणूस, मापच विचारणार.

रखवालदारानं दोन्ही हात पसरून दाखवलं. एवढीच.

त्या दिवसापासून मास्तर पुन्हा गप्प झाले. खाली वाकून बोलणंही थांबलं. द्यायचंच आहे तर लळा कशाला, असा हिशेब असावा. मला मात्र रोज सकाळी नवा कोट चढवायचे. सवय म्हणून, किंवा दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. आणि बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला की त्यांचं मशीन थांबायचं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. चिंध्यासाठी नव्हे, आपल्या पांढऱ्या कोटाचा फाटलेला खिसा शिवून घ्यायला. त्या दिवशी मी दरवान होतो. लांब कोट, सुतळीची दाढी, मानेवर पातेलं आणि पातेल्यावर हेल्मेट. बाईंनी मला पाहिलं आणि त्या स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "काका, हे कोण पाहुणे?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. टपालवाला, वकील, बँडवाला, खिशातली बिस्किटं. दातवाल्यांचं बोट. रखवालदार. बाईंचं हसू ओसरलं. त्या उठून माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी कोटाची बाही धरून उचलली. ती रिकामी होती. सोडल्यावर लुळी पडली.

"काका, याला हात कुठायत?"

मास्तरांनी दुसरी बाही उचलून पाहिली. तीही रिकामी. 

"माणूस म्हणजे काय, हे तुम्ही याला नीट शिकवलंत," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, उलट त्यांना कुतूहल वाटत होतं. "माणूस हलत नाही, वाकत नाही आणि त्याला हात नसतात. याच्या लेखी जगात हात असलेली माणसं दोनच, तुम्ही आणि आक्का. तिसरी मी. आणि माझ्या हातात दर वेळी सुई. मग परका हात आला की तो दुसरं काय समजणार?"

"म्हणजे माझंच चुकलं," मास्तर म्हणाले.

"अर्धंच. हेल्मेट आणि छत्रीला तो घाबरत नाही, ते तुमच्यामुळेच."

"आता उशीर झाला?"

"उशीर झालाय. पण दार पुरतं लागलेलं नाही. फक्त आता घाई चालणार नाही. हात वरून डोक्यावर आणायचा नाही. खालून, बाजूनं, तळवा उघडा ठेवून. आणि आपण त्याच्याकडे जायचं नाही. त्याला येऊ द्यायचं, नाही आला तर नाही."

बाई गेल्यावर मास्तर माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कपाटातून बँडवाल्याचा लाल कोट काढला, तो टेबलावर पालथा घातला आणि पाठीची मधली शिवण कॉलरपर्यंत उसवली.

"अरे बाळ्या, तो बँडवाला आला म्हणजे?"

"आला तर नवा शिवून देईन. येऊ दे तर खरा."

तो कोट त्यांनी माझ्यावर पुढून चढवला. मग माझ्या मागं येऊन उसवलेल्या पाठीतून आत शिरले आणि आपले दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत घातले.

मित्रांनो, मला हात आले.

इतक्या वर्षांत माझ्यावर कोट चढवणारे सगळे समोरून आले होते. पाठीमागून कुणी आलं नव्हतं. मास्तरांची छाती माझ्या पाठीला टेकली होती आणि तिचे ठोके लगद्याच्या पोकळीत घुमत होते. सोनेरी झालरीच्या बाह्यांतून दोन म्हातारे हात बाहेर आले होते. नखांत खडू, शिवताना अंगुस्तानाची टोपी घालून घालून खळगा पडलेलं बोट. मी ते बघत राहिलो. हेच हात तेव्हा माझ्या पायाशी बटणं निवडत होते.

चिंध्या चादरीखालून बघत होता. माणूस ओळखीचा, खिसा ओळखीचा, पण आज त्याला हात! तो गुरगुरला. मास्तर हलले नाहीत. हात खाली, तळवे उघडे, एका तळव्यावर बिस्किट. बऱ्याच वेळानं चिंध्या पोट घासत पुढं आला, मान लांब केली, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. वास घेतला. वास घरचा होता. त्यानं बिस्किट उचललं आणि धूम ठोकली.

"घेतलं का रे?" मास्तरांनी माझ्या मानेमागून विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"घेतलं," आक्का म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसून लगेच पुढं म्हणाल्या, "आता बाहेर ये, कंबर धरेल."

दुसऱ्या दिवसापासून मला वेगवेगळे हात येऊ लागले. आधी आक्कांचे, बँडवाल्याच्या बाहीतून बांगड्या वाजलेल्या पाहून चिंध्यानं मान वाकडी केली. मग परके हात हवे होते, आणि ते आणायचे तर दारात जाणं भाग होतं. मास्तर दारात जाऊन उभे राहू लागले. कुणी थांबून विचारलं, "मास्तर, आता कसं चाललंय?" की ते म्हणत, "आत या. जरा हात हवाय."

इस्त्रीवालीचे हात गरम होते. पाववाल्याच्या हातांना पावाचा वास होता. ते चिंध्यानं चाटून काढले. आधी माणूस माझ्या मागं असायचा. मग माझ्या आडून अर्धा बाहेर यायचा. मग मला थोडं बाजूला सरकवायचे आणि माणूस एकटाच खाली बसायचा. सगळं सरळ झालं असं नाही. एकदा कुणाच्या तरी हातातून कात्री खणकन पडली आणि चिंध्या दिवसभर चादरीखालून बाहेर आला नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला आठवतं, त्या दिवशी मास्तर माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून उभे होते. थकलेल्याला थकलेल्याचा आधार.

दातवाले कोट न्यायला आले तेव्हा आक्कांनी त्यांना चहा दिला आणि मास्तरांनी चाचरत विनंती केली. दातवाल्यांनी आपलं बोट निरखून पाहिलं. "याला चव आवडली म्हणता?" असं म्हणून ते गुपचूप माझ्या मागं गेले. त्यांचे हात जाड होते, बाह्यांत शिरताना शिवण कुरकुरली. चिंध्या आला, वास घेतला, थांबला. तो वास त्याला आठवत असणार. मग त्यानं त्या बोटाला नाक लावलं आणि तिथंच खाली बसला. दातवाले माझ्या मागून म्हणाले, "मी हलू का?" "हलू नका!" तिघं एकदम ओरडले, तिसरी इस्त्रीवाली, ती दारातून बघत होती.

आणि मग एका दुपारी दाराबाहेर ट्रक थांबला. रखवालदार त्यावरूनच आला होता. नवा माल उतरला होता. त्याच्या पिशवीत साखळी वाजत होती.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. शब्द दिलेला होता आणि तो आक्कांनी दिला होता. आक्का सुईत दोरा ओवत बसल्या होत्या, पण दोरा काही जाईना. मी कोपऱ्यात होतो, लाल कोट अंगावर, बाह्या रिकाम्या. मला काही करता येण्यासारखं नव्हतं. तसं ते कधीच नव्हतं.

"भुंकतो कसा बघू," रखवालदार म्हणाला आणि मधोमध उभा राहिला. चिंध्या चादरीखालून बाहेर आला. परका माणूस, मोठा, काठीवाला, मिशीवाला. काठी आणि मिशी त्याला ठाऊक होत्या. रखवालदारानं त्याला डिवचायला हात पुढं केला.

चिंध्याचे कान मागं गेले. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्या हाताकडं. हात तसाच होता. चिंध्या भुंकेना म्हणून रखवालदार बुचकळ्यात पडला होता आणि त्यानं तो नकळत खाली आणला होता, तळवा वर. चिंध्या एक पाऊल आला. मग दुसरं. मान लांब केली, वास घेतला. आणि टोपलीच्या कडेवर ठेवायचा तशी हनुवटी त्यानं त्या तळव्यावर ठेवली.

आक्कांनी सुई पदराला टोचून ठेवली.

"मास्तर, हे काय?" रखवालदार म्हणाला. "चावरा आहे म्हणालात!"

"होता हो," आक्का घाईनं म्हणाल्या. "आता बिघडला."

"असला काय कामाचा? चोर आला तर त्याच्याकडून लाड करून घेईल."

"घेईलच," मास्तर म्हणाले. त्यांनी कात्री पुन्हा उचलली. "तुम्हाला दुसरा बघावा लागेल."

रखवालदार हो म्हणाला. पण तो लगेच गेला नाही. बाहेरून ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी तो वाकून, त्या पडलेल्या कानामागं अंगठा फिरवत उभा होता. गोदामात दिवसभर त्याच्याशी बोलणारं तरी कोण असणार? गेला तेव्हा साखळी पिशवीतच होती. अजून तो अधूनमधून येतो. ठिगळ लावायला म्हणतो; विजार धड असते.

मित्रांनो, चिंध्या आता मोठा झाला आहे. आता तो गिऱ्हाइकांना दारापासून आत घेऊन येतो. मास्तर दारात बसतात, मास्तरीणबाईंच्या मशीनवर आक्का बसतात. माझं काम संपलं. माझा एक पाय अर्धा खाल्लेला आहे, मी थोडा कलतो. मांजरपाट काखेत फाटला आहे, खालच्या कडेच्या शिवणीत चिंध्याचा दुधाचा एक दात अडकून राहिला आहे. तो कुणाला माहीत नाही.

मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. जमलं तर खाल्लेल्या पायाखाली एक पाचर सारा, म्हणजे उभं राहणं सोपं जाईल. पण तुमच्या घरी कधी पिल्लू आलं, तर त्याला माझ्यासारख्याच्या भरवशावर सोडू नका. त्याला कडेवर घेऊन दारात बसा. लोक थांबतील, नको ते विचारतील, विचारू द्या. त्यांचे हात त्याला हुंगू द्या, सावकाश, खालून. तुम्हाला हात आहेत, हे तुम्ही विसरता. मी विसरू शकत नाही.

दुपारी पंखा लागला की माझ्या लाल कोटाच्या रिकाम्या बाह्या हलतात. चिंध्या एक डोळा उघडतो, बघतो, शेपटी एकदा जमिनीवर आपटतो आणि पुन्हा झोपतो. हनुवटी माझ्या त्या खाल्लेल्या पायावर असते. मग मला जरासुद्धा कलता येत नाही. मी उभा राहतो.